एअरब्रशच्या वाटीत बुडबुडे येतायत, रंग थुंकल्यासारखा उडतोय: मदत हवी

धाकटा कारखानदार

मंडळी, घाईत आहे म्हणून थेट मुद्द्यावर येतो. आमचा पेण तालुक्यात गणपतीचा कारखाना आहे. बॉडी कलर मोठ्या गनने होतो, त्याची तक्रार नाही. शेडिंग मी करतो, म्हणजे गाल, सोंडेच्या वळ्या, पोटाची गोलाई आणि पितांबराच्या चुण्या. त्यासाठी एअरब्रश आहे: वरून वाटीत रंग ओतायचा, खटका खाली दाबला की हवा, मागे ओढला की रंग. नोझल ०.३ मिमी. ब्रश चिनी, बाजारात १३० म्हणून मिळतो त्या धर्तीचा.

जूनपर्यंत व्यवस्थित चालला. पाऊस लागल्यापासून नखरे सुरू. खटका दाबला की वाटीतल्या रंगात बुडबुडे येतात. रंग सलग येत नाही, जरा येतो, बंद होतो, मग एकदम थेंब उडतो. काल एका मूर्तीच्या गालावर असा थेंब बसला की तिथला बॉडी कलर पुन्हा मारावा लागला. सुई काढून पुसून झाली, थिनर मारून झाला. कॉम्प्रेसर बेल्टचा आहे, टाकीवाला, गन आणि ब्रश दोन्ही त्याच्यावरच चालतात. हवेच्या दाबाचा काटा ४० पीएसआयवर असतो.

चतुर्थी तोंडावर आलीय. नवीन घ्यावा की यातच काही होईल?

मॉडेलवेडा

नवीन घेण्याआधी दोन मिनिटांचं काम करा. रंग पूर्ण काढा, वाटीत नुसतं स्वच्छ पाणी घाला आणि वर्तमानपत्रावर मारा. पाणी सलग, बारीक धुक्यासारखं आलं तर ब्रश ठीक आहे आणि गडबड रंगात आहे. पाण्यालाही बुडबुडे आले, तर रंगाला हात लावू नका, कितीही पातळ केलात तरी फरक पडणार नाही. बहुतेक लोक इथेच फसतात: दोष ब्रशमध्ये असतो आणि ते थिनर वाढवत बसतात.

आणि ४० पीएसआय शेडिंगला फार झाला. माझी विमानं-रणगाड्यांची मॉडेलं १५ ते २० मध्ये होतात. तुमचा रंग जाड असेल तर २५ म्हणू. काटा वाचताना खटका दाबून वाचा. हवा चालू झाली की दाब उतरतो, खरा आकडा तो.

चिमटा

पूर्वीचे लोक कुंचल्याने काय सुंदर शेडिंग करायचे. ना कॉम्प्रेसर, ना नोझल, ना बुडबुडे. असो, चालू द्या. (पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

निवृत्त फिटर

चिमटाशेठ, पूर्वीचे लोक एका हंगामात किती मूर्ती रंगवायचे आणि आता किती मागणी आहे, तेही लिहा की.

धाकटे कारखानदार, बुडबुडे म्हणालात म्हणून लिहितो. मी एअरब्रशवाला नाही, आयुष्य हवेच्या लाइनी आणि व्हॉल्व्ह यांत गेलं. पण मुलीकडे हा ब्रश आहे आणि तो मी पूर्ण उघडून पाहिलेला आहे.

आत काय होतं ते समजलं की अर्धं काम होतं. रंग नोझलच्या आतून येतो. हवा नोझलच्या बाहेरून, नोझल आणि त्यावरची टोपी यांच्यातल्या गोल फटीतून जोरात निघते. त्या वेगामुळे नोझलच्या तोंडाशी दाब कमी होतो आणि रंग ओढला जातो. म्हणजे रंगाची वाट आणि हवेची वाट वेगळ्या आहेत, त्या फक्त तोंडाशी भेटतात. वाटीत बुडबुडा आला याचा अर्थ हवा रंगाच्या वाटेत घुसली. ती घुसायच्या जागा मोजक्याच आहेत.

एक, नोझल शरीरात जिथे बसतं तिथे नीट बसलेलं नाही, सैल आहे किंवा आट्यात वाळलेला रंग आहे. दोन, नोझललाच चीर आहे. तीन, पुढची टोपी सैल आहे किंवा तिचं भोक रंगाने अर्धं बुजलंय. पुढे वाट मिळाली नाही की हवा उलटी रंगातून वाटीकडे येते. साफ करताना काही लोक पुढचं तोंड कापडाने दाबून मुद्दाम बुडबुडे काढतात, ते हेच.

सुईची मागची पॅकिंग सैल असेल तर बुडबुडे सहसा येत नाहीत, रंग मागे खटक्याकडे झिरपतो. खटक्याखाली ओलं लागतंय का तेही बघा.

आता शोधायचं कसं. वाटीत पाणी भरा. टोपीच्या आणि शरीराच्या सांध्यावर साबणाचं पाणी लावा, खटका फक्त खाली दाबा, मागे ओढू नका. सांध्यावर फेस आला तर तिथे गळती. सांधा कोरडा आणि वाटीत मात्र बुडबुडे, तर नोझल. सुई मागे काढून ठेवा, पाना लावून नोझल उतरवा आणि सोनाराकडे असतं तसल्या भिंगाखाली धरा. तोंड पूर्ण गोल दिसलं पाहिजे. उमललेलं, एका बाजूला कापलेलं किंवा केसासारखी रेघ दिसली तर ते नोझल संपलं.

पाना हळू लावा. त्या धर्तीच्या ब्रशचं नोझल तांदळाच्या दाण्यापेक्षा फार मोठं नसतं आणि आटे अगदी नाजूक. जोर लावला की मानेत तुटतं आणि अर्धं आतच राहतं.

धाकटा कारखानदार

पाण्याला पण बुडबुडे. म्हणजे रंग सुटला, ब्रश अडकला.

साबणाचा प्रयोग केला. टोपीच्या सांध्यावर काही नाही. भिंग आमच्याकडे नाही, गावातल्या सोनाराकडे उद्या जातो. खटक्याखाली थोडं ओलं लागतंय, पण ते रंगाचं नाही, नुसतं पाणी वाटतंय.

मॉडेलवेडा

नुसतं पाणी? हे लक्षात ठेवा, परत येऊ त्याच्याकडे.

नोझल फक्त सैल असेल तर एक जुगाड सांगतो, आमच्या मंडळींत सर्रास चालतो. मधमाशीचं मेण अगदी किंचित, टाचणीच्या टोकावर येईल एवढं, नोझलच्या आट्यांवर लावायचं आणि हाताने बसवायचं. टेफ्लॉन टेप तिथे वापरू नका, एवढ्या बारीक आट्यांवर टेप बसत नाही आणि तिचे तुकडे नोझलमध्ये जातात. टेप पाइपाच्या जोडाला ठीक.

काही महागड्या ब्रशना नोझलला आटेच नसतात, ते नुसतं आत ठेवायचं आणि वरची टोपी त्याला दाबून धरते. तसल्या ब्रशला पाना लागत नाही आणि तुटायची भीतीही कमी. पण मग टोपी नीट आवळलेली असावी लागते.

कोथरूडची केकवाली

मध्येच घुसते, माफ करा. माझ्याकडे केकसाठी छोटा चार्जिंगचा एअरब्रश आहे. पाण्यावरचे खाण्याचे रंग छान येतात. पण चॉकलेटवर मारायला कोको बटरचे रंग घेतले तर थोड्या वेळाने बंदच पडतो. तो पण बुडबुड्यांचाच प्रकार का?

मॉडेलवेडा

नाही ताई, तुमचं वेगळं आहे. कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतं. त्याच्या खाली गेलं की नोझलमध्ये घट्ट होतं, आणि हवा सुटताना नोझलचं तोंड गार होतं ते वेगळंच. रंगाची बाटली गरम पाण्यात ठेवा, ब्रशचं पुढचं टोकही हेअर ड्रायरने कोमट करून घ्या. मध्ये थांबलात तर पुन्हा कोमट करा. साफ करताना गार पाणी नको, कोमट तेल फिरवा आणि मग साबणाचं कोमट पाणी.

त्या छोट्या ब्रशना हवा साठवायला टाकी नसते, त्यामुळे फवारा किंचित धडधडत येतो. केकला ते चालून जातं. मूर्तीच्या गालाला चालणार नाही.

आणि दादांचा रंगाचा ब्रश कधी केकला घेऊ नका, उलटंही नको. विनोद नाही, लोक करतात.

चिमटा

अवांतर: उकडीच्या मोदकावर शेडिंग करून द्याल का ताई?

कोथरूडची केकवाली

मोदकाला शेडिंग केशराचं, तेही हाताने. धन्यवाद मॉडेलवेडा, आजच बघते.

धाकटा कारखानदार

सापडलं. सोनाराने भिंगातून पाहिलं आणि मी सांगायच्या आधी तोच म्हणाला, "याला चीर आहे." तोंडापासून मागे जाणारी बारीक रेघ. नुसत्या डोळ्याला काहीच दिसत नव्हतं. पुतण्या हाताखाली असतो, साफ करून झाल्यावर सुई आत दाबून बसवायची त्याची सवय आहे, त्यातलं असावं.

सुई पण दाखवली. टोक अगदी किंचित वाकडं आहे.

नोझल कुठे मिळेल? आणि सुई सरळ होते का?

निवृत्त फिटर

तुमच्या निदानाशी मी सहमत. सुई हा निमुळता खिळा आहे, नोझल ही तिची मऊ म्यान. सुई दाबली की पाचरीसारखं काम करते आणि म्यान फाटते. सुई आत सारताना बोटाला अडकल्यासारखं लागलं की थांबायचं आणि मागचा नट आवळायचा. पुतण्याला शिकवा, रागवू नका, हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

सुई सरळ होते, पण टोकच मुडपलं असेल तर नाही. आरशाच्या काचेवर सुई आडवी ठेवून बोटाने फिरवा, टोक वर-खाली डोलतं का बघा. मग काचेवर टोक टेकवून, स्टीलच्या चमच्याच्या पाठीने हलकं दाबत, सुई फिरवत मागे ओढायची. त्यानंतर २००० नंबरच्या पॉलिश पेपरवर एकदोन हात, तेही टोकाच्या दिशेने. शेवटी कापसावरून न्या, धागा अडकला तर अजून आकडी आहे. पुढचं टोक डोळ्याजवळ धरू नका.

वाकड्या सुईचं लक्षण म्हणजे फवारा मध्यावर न येता एका बाजूला जातो.

मॉडेलवेडा

सुटं नोझल ऑनलाइन मिळतं, नोझल-सुई-टोपी असा तिघांचा संचही मिळतो. घेताना ०.३ लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका. आट्यांचं माप आणि लांबी जुन्याशी जुळवा, फोटो शेजारी ठेवून बघा. ०.३ चं नोझल आणि ०.२ ची सुई अशी मोट बांधली तर खटका न ओढताच रंग ठिबकत राहील. संचच घ्या.

आणि एक ०.५ चा संच घ्या. पितांबराला मोतिया रंग वापरत असाल ना? त्यातल्या अभ्रकाच्या कणांना ०.३ अडचणीचं होतं.

म्हापशेकार

नमस्कार. माझा व्यवसाय हेल्मेट आणि बाइकच्या टाक्या रंगवायचा, गोव्यात. आमच्याकडचा पाऊस तुमच्यापेक्षा कमी नाही, म्हणून खटक्याखालचं ते "नुसतं पाणी" वाचून लिहायला आलो. नोझल बदलल्यावर बुडबुडे जातील, पण थुंकणं अर्धंच जाईल, असं माझं भाकीत आहे.

जुलैत हवेतच एवढं पाणी असतं की कॉम्प्रेसर हवेबरोबर वाफही ओढतो. टाकीत आठ बार दाबाला (बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेएवढा दाब) हवा दाबली की ती जवळजवळ नवव्या हिश्श्यात कोंबली जाते, तेवढी वाफ तेवढ्या जागेत मावत नाही. दाबताना हवा गरम होते म्हणून पाणी लगेच दिसत नाही. टाकीत आणि पाइपात ती निवली की पाणी सुटतं. थोडं टाकीच्या तळाला बसतं, उरलेलं पाइपातून ब्रशपर्यंत येतं आणि मग गालावर थेंब.

आता टाकीच्या तळाला कॉक असेल तो उघडा. किती निघतं ते बघा आणि इथे लिहा, माझी उत्सुकता आहे.

दुसरं, तुमच्याकडे पाणी पकडायची वाटी, मॉइश्चर ट्रॅप, कुठे लावलाय? नव्वद टक्के ठिकाणी तो कॉम्प्रेसरच्या तोंडाशीच असतो. तिथे हवा अजून गरम असते, पाणी वाफेच्या रूपात ट्रॅपमधून सरळ निघून जातं आणि पुढे पाइपात गार होऊन सुटतं. ट्रॅप ब्रशच्या बाजूला हवा, पाइप निदान पाचसहा मीटर लांब गेल्यावर. मी कॉम्प्रेसरपासून भिंतीवर लोखंडी पाइप वर नेला, मग उतरत्या बाजूने आणला, खालच्या टोकाला एक कॉक, आणि ब्रशसाठी फाटा पाइपाच्या वरच्या अंगाने काढला. पाणी खाली साठतं, हवा वरून जाते. शिवाय ब्रशच्या खालीच लागतो तो छोटा ट्रॅप, मुठीत मावतो. तो एकटा पुरत नाही, पण शेवटचे थेंब धरतो.

बेल्टचा कॉम्प्रेसर तेलाचा असतो हेही ध्यानात ठेवा. तेल जास्त झालं की त्याची वाफ हवेत येते आणि रंगावर माशाच्या डोळ्यासारखे गोल गोल खड्डे पडतात.

धाकटा कारखानदार

कॉक उघडला. म्हापशेकार, काय सांगू, गढूळ, गंजकट पाणी, बादलीत ओतलं तर तळ झाकला. हा कॉक मे महिन्यात उघडला असेल नसेल.

ट्रॅप तुम्ही म्हणता तसा कॉम्प्रेसरला चिकटूनच आहे. आज वायरमनच्या भावाला बोलावून पाइप फिरवून घेतो. ब्रशचा संच मागवला आहे, परवा येईल म्हणतात.

म्हापशेकार

रोज संध्याकाळी काम आटोपलं की कॉक उघडायचा, सगळा दाब जाऊ द्यायचा. पावसाळ्यात दुपारी जेवायला उठताना पण एकदा.

डॅलसचा गणू

आमच्या मंडळाची मूर्ती आम्ही इथेच कागदाच्या लगद्याची करतो, रंगवायला एअरब्रश मीच धरतो. साफसफाईबद्दल: चष्मेवाल्याकडे असतं तसलं छोटं अल्ट्रासॉनिक यंत्र घ्या. नोझल आणि टोपी त्यात थोडा वेळ, कोमट पाण्यात. आतला वाळलेला रंग आपोआप सुटतो, टोचायला लागत नाही.

निवृत्त फिटर

नोझल टाका, रबरी ओ-रिंग टाकू नका. आणि टाचणी, तार, गिटारीची तार वगैरे नोझलमध्ये घालणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. नोझल पितळेसारखं मऊ असतं, तारेने आत ओरखडा पडला की फवारा कायमचा वाकडा. दातांच्या फटीत घालायचे बारीक ब्रश औषधाच्या दुकानात मिळतात, ते वापरा, तेही मागच्या रुंद बाजूने.

शेड्स ऑफ पनवेल

साफ करताना सुई मागे ओढून काढू नये असं माझं मत. टोकाचा रंग मागच्या पॅकिंगमधून ओढला जातो आणि तिथे वाळतो. आधी नोझल काढायचं आणि सुई पुढून काढायची.

मॉडेलवेडा

आणि पुढून काढताना टोक कशाला लागलं की वाकलं. मी मागूनच काढतो, पण आधी वाटी आणि नोझल दोनतीनदा धुवून, म्हणजे सुईवर रंग राहतच नाही.

शेड्स ऑफ पनवेल

तुमची सुई नेहमी स्वच्छ असते, अभिनंदन. कारखान्यात बाराबारा तास काम चालतं साहेब.

निवृत्त फिटर

दोघंही बरोबर आहात, भांडू नका. रंग ओला असेल तर धुवून मागून काढा. वाळलेला असेल तर पुढून. आणि वाळलेला असताना मागून जोर लावून ओढू नका, एवढंच.

पेणचा जुना रंगारी

खूप दिवसांनी लॉगिन केलं. आमच्याच भागातला धागा दिसला म्हणून थांबलो.

बाळा, थिनर मारून साफ केलं म्हणतोस. कुठला थिनर, आणि कधी? तुमचे रंग पाण्यावरचे. ब्रशमध्ये पाण्यावरचा रंग ओला असताना एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगाचा) थिनर घातलास तर रंग फाटतो, त्याची दह्यासारखी गुठळी होते आणि ती नेमकी नोझलमध्ये जाऊन बसते. वरून लोक म्हणतात, थिनर मारला तरी चोक. थिनरनेच चोक झाला! आधी साधं पाणी, निघणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. मग थिनर, तो वाळलेल्या रंगाला. मग परत पाणी, आणि मग नवा रंग. हा क्रम मोडायचा नाही. थिनर मारताना खिडकी उघडी आणि तोंडाला मास्क, कापडाचा नाही, कोळशाच्या फिल्टरचा.

दुसरं, शेडिंगला काय वापरतोस? इमल्शनमध्ये स्टेनर, म्हणजे रंगछटा द्यायचा घट्ट रंग, घालून?

धाकटा कारखानदार

नमस्कार काका. हो, बॉडी कलरचंच इमल्शन, त्यात स्टेनर, पाणी घालून पातळ. गाळतो, पण चहाच्या गाळणीने.

पेणचा जुना रंगारी

तिथेच चुकतं. भिंतीच्या इमल्शनमध्ये भरीला खडूची पूड असते. भिंतीला, गनला ती चालते, ०.३ च्या भोकाला नाही. चहाच्या गाळणीतून पूड आरामात जाते. नायलॉनच्या मोज्यातून गाळ, जुन्या व्हॉइल साडीचा तुकडा दुहेरी केलास तरी चालेल.

खरं तर शेडिंगला इमल्शन वापरूच नये. शेडिंगचा थर एवढा पातळ असतो की झाकण्याची ताकद लागतच नाही, खालचा बॉडी कलर दिसायलाच हवा. कलाकारांचे ॲक्रिलिक रंग बाटलीतले घे, किंवा ॲक्रिलिक शाई. महाग वाटतील, पण एका मूर्तीला लागतं किती? चमचाभरसुद्धा नाही. मोठ्या मूर्तीचा पितांबर इमल्शनने कर, ०.५ लावून.

पातळ किती? वाटीच्या आतल्या भिंतीवर काडीने थोडा रंग वर चढव. दुधासारखा खाली उतरला पाहिजे आणि मागे पातळ पापुद्रा राहिला पाहिजे. सगळा घसरून भिंत स्वच्छ झाली तर जास्त पातळ, मूर्तीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे फुटतील.

चिमटा

दूध म्हशीचं की टोन्ड?

पेणचा जुना रंगारी

शेडिंगला टोन्ड, पितांबराला म्हशीचं. विनोद केलास पण प्रश्न बरोबर आहे.

धाकटा कारखानदार

ताजी बातमी. संच आला, बसवला, सुई बोटाला लागेपर्यंतच सारली. पाणी मारलं: बुडबुडा एकही नाही! पाइप फिरवला, ट्रॅप माझ्या बसायच्या जागेजवळ आला, दिवसभरात त्यात बोटभर पाणी साठलं ते मी स्वतः पाहिलं. काकांनी सांगितलं तसा शाईचा तांबूस घेतला, २० पीएसआयवर. गाल असे आले की आईने बघून "हे कुणी केलं" विचारलं.

आता एकच. थोड्या वेळाने सुईच्या टोकावर रंगाचा दाणा वाळतो आणि रेघ तुटते. टोक ओल्या कापडाने पुसलं की पुन्हा चालू. पावसाळ्यात एवढ्या लवकर रंग वाळतो कसा? बाकी वस्तू तर वाळतच नाहीत इथे.

मॉडेलवेडा

जवळ हॅलोजन आहे का? किंवा पंखा?

धाकटा कारखानदार

आहे ना. मूर्ती वाळवायला दोन्ही बाजूंना हॅलोजन आणि मोठा पंखा. मी मध्येच बसतो.

मॉडेलवेडा

मग पावसाळा बाहेर आहे, तुम्ही राजस्थानात बसला आहात. 😀 हॅलोजनची रांग वेगळी, रंगवायची जागा वेगळी करा. रंगात रिटार्डरचे, म्हणजे वाळणं लांबवणाऱ्या द्रवाचे, दोनचार थेंब घाला, तो रंगाच्या दुकानात ॲक्रिलिकचा म्हणून मिळतो. नाही मिळाला तर औषधाच्या दुकानातलं ग्लिसरीन, पण अगदी थेंबभर, जास्त झालं तर रंग दिवसभर चिकट राहतो. पातळ करायला बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी वापरा, बोअरचं नको. आणि पुढची, सुईचं टोक जपणारी काटेरी टोपी काढून काम करत असाल तर टोक अधूनमधून पुसणं हा कामाचाच भाग आहे, त्याला दोष समजू नका.

खटका सोडताना आधी रंग बंद, मग हवा. म्हणजे आधी पुढे सोडा, मग वर. दोन्ही एकदम सोडलं तर तोंडाशी रंग राहतो, पुढच्या वेळी तोच पहिला थेंब म्हणून उडतो.

शेड्स ऑफ पनवेल

+१ शेवटच्या परिच्छेदाला. आमच्याकडे नव्या पोराला पहिले काही दिवस फक्त कागदावर ठिपके मारायला बसवतात, ह्याच्यासाठीच.

धाकटा कारखानदार

हॅलोजन हलवले. आता दाणा क्वचित. पण खटका मागे ओढला की तो स्वतःहून पुढे येत नाही, बोटाने ढकलावा लागतो. नवीन सुई घातल्यापासून. संचातली सुई जाड आहे का?

निवृत्त फिटर

सुई जाड नसेल. दोन शक्यता. शरीराच्या आत, खटक्याच्या पुढे पॅकिंगचा छोटा स्क्रू असतो, तो जास्त आवळला गेला असेल तर सुईला धरून ठेवतो. मागचं सगळं उतरवा, लांब बारीक पेचकसाने तो किंचित सैल करा, सुई घालून बघा. हाताला थोडा अटकाव जाणवला पाहिजे, पण सुई सरकली पाहिजे. फार सैल केलात तर मगाशी म्हणालो तसा रंग मागे झिरपेल.

त्याने नाही झालं तर मागच्या नळीतली स्प्रिंग. ती नळी फिरवून स्प्रिंगचा ताण वाढतो. सुईला ग्लिसरीनचं बोट फिरवा, टोक सोडून. मशीनचं तेल किंवा सिलिकॉनचा स्प्रे अजिबात नको, रंगात गेला तर ते म्हापशेकारांचे माशाचे डोळे.

धाकटा कारखानदार

पॅकिंगच होतं. पाव फेरा सोडला, खटका टणकन पुढे येतोय. फिटरकाका, रंगारीकाका, म्हापशेकार, मॉडेलवेडा, सगळ्यांचे आभार. ज्यांना कारखाना बघायचा असेल त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, चतुर्थीनंतर या, आत्ता पाय ठेवायला जागा नाही.

म्हापशेकार

कॉक?

धाकटा कारखानदार

आत्ताच उघडून आलो.